शरणपूरहून निघालेली सहा मुलं

1872 च्या उन्हाळ्यात नाशिकच्या शरणपुरात वाढलेले सहा तरुण झांझिबारला पोचले, तेव्हा त्यांचं काम अगदी सोपं सांगता येत होतं. आफ्रिकेच्या पोटात बेपत्ता झालेल्या मिशनरी-संशोधक डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टनला शोधायचं. मोहीम लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची होती, वर्गणी काढून उभी केलेली. नेतृत्व लेफ्टनंट लेवेलिन डॉसन या आरमारी अधिकाऱ्याकडे होतं. सोबत लेफ्टनंट हेन, मिशनरी चार्ल्स न्यू आणि खुद्द लिव्हिंग्स्टनचा मुलगा ऑस्वेल. कापडाचे गठ्ठे, मणी, बंदुका असं सगळं सामान किनाऱ्यावर येऊन पडलं होतं. आत शिरायचं तेवढं बाकी होतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बागामोयोच्या किनाऱ्यावर पत्रकार हेन्री स्टॅन्ली येऊन उभा राहिला. त्याच्याकडची बातमी एवढीच होती की लिव्हिंग्स्टन सापडला. टांगानिका सरोवराच्या काठी उजिजी गावात आदल्या नोव्हेंबरातच त्यांची भेट झाली होती आणि डॉक्टर परत यायला तयार नव्हता. त्याला माणसं आणि सामान हवं होतं, सुटका नको होती.

डॉसनने राजीनामा दिला. हेनही बाजूला झाला. ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला ते काम दुसऱ्याच कोणी उरकलं होतं, तेव्हा साहेब लोकांच्या दृष्टीने विषय संपला. नाशिकच्या सहा जणांपुढे प्रश्न मात्र नव्याने उभा राहिला: आता काय करायचं?

जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन अशी त्यांची नावं. आता मोहीम दुसरी ठरली. स्टॅन्लीने निवडलेल्या 57 जणांच्या तांड्याबरोबर आत जायचं आणि डॉक्टरला रसद पोचवायची. हे सहाही जण त्या तांड्यात सामील झाले. पुढच्या पावणेदोन वर्षांत त्यांचं काम आणखी दोनदा पार बदललं.

आज मंडळीतून थोड्या दिवसांच्या सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या गटांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. महिनोन् महिने प्रार्थना, वर्गणी, व्हिसा, रोजच्या कार्यक्रमाचा छापील कागद, आणि विमानतळावर उतरल्यावर कळतं की जिथे शाळा रंगवायची तिथे पूर आलाय, किंवा आमंत्रण देणारे पाळकच आजारी आहेत. 2020 च्या मार्चमध्ये तर सीमाच बंद झाल्या आणि जगभरच्या अशा सगळ्या सहली कागदावरच राहिल्या. योजना कोलमडली की माणूस काय धरून ठेवतो आणि काय सोडून देतो, हे तेव्हा कळतं. नाशिकच्या या मुलांनी नेमकं काय धरलं, हे त्यांनी केलेल्या कामाच्या नोंदींवरून आजही तपासून पाहता येतं.

*

ही मुलं जन्माने नाशिकची नव्हती. त्यांची गावं पूर्व आफ्रिकेत होती. तिथून गुलाम म्हणून त्यांना पळवून किनाऱ्यावर आणलं गेलं, अरबी गलबतांत कोंबलं गेलं. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजांनी ती गलबतं पकडली की सुटका झालेली पोरं कुठे ठेवायची हा प्रश्न यायचा. त्यांतली बरीच मुंबईला आली आणि त्यांतली काही पुढे नाशिकला.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने 1854 मध्ये गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वस्ती वसवली होती. आजचा शरणपूर रोड तिच्याच नावाचा. तिथे आफ्रिकी मुलांचा आश्रम सुरू झाला. सकाळी अक्षरओळख आणि शास्त्रवाचन, बाकी वेळ हातकाम: सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम, शेती. बाप्तिस्म्याच्या वेळी नवी नावं मिळाली आणि पुष्कळदा आडनाव म्हणून मिशनऱ्यांचीच आडनावं. म्हणून या मुलांत प्राइसही भेटतात आणि आयसेनबर्गही. इंग्रजी कागदपत्रांत मात्र सगळ्यांना मिळून एकच नाव पडलं, नासिक बॉइज. त्यांतले बरेच जण तोवर मिसरूड फुटलेले बाप्ये झाले होते, तरी ते नाव सुटलं नाही.

शरणपुरातल्या या शिक्षणाकडे नीट पाहायला हवं, कारण पुढे जे घडलं त्याचं बीज तिथे आहे. एखाद्या ठरावीक मोहिमेसाठी त्यांना कोणी तयार केलं नव्हतं. लाकूड तासणं, लोखंड ठोकणं, लिहिणं, हिशेब ठेवणं, उपासना चालवणं अशी कुठेही लागणारी कामं त्यांच्या हातात बसली होती.

*

सहा जणांच्या आधी नऊ जण गेले होते. 1865 च्या सप्टेंबरात लिव्हिंग्स्टन मुंबईला परत आला. आदल्या वर्षी त्याने लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट झांझिबारहून स्वतः हाकत मुंबईला आणली होती. आता नव्या सफरीसाठी माणसं हवी होती. थळ घाटातली रेल्वे त्याच वर्षाच्या सुरुवातीला सुरू झाल्यामुळे मुंबई आणि नाशिक जवळ आली होती. शरणपूरच्या मुलांतून नऊ जण स्वखुशीने पुढे आले. सायमन प्राइस, रूबेन स्मिथ, एडवर्ड गार्डनर, अल्बर्ट बराका, अँड्र्यू पॉवेल, नॅथनिएल मब्रुकी, अब्राहम परेरा, रिचर्ड आयसेनबर्ग, जेम्स रटन. 1866 च्या जानेवारीत थूली या जहाजातून ते मुंबईहून निघाले. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने हे जहाज झांझिबारच्या सुलतानाला नजराणा म्हणून पाठवलं होतं, तेव्हा पोरांचा प्रवास थेट सुलतानाच्या दारापर्यंत झाला.

ठरलेली योजना भक्कम दिसत होती. मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई संरक्षणाला, कोमोरो बेटांतल्या जोहानाची माणसं मदतीला, नाशिकची नऊ मुलं आणि सामान वाहायला उंट, रेडे, खेचरं, गाढवं. त्सेत्से माशीच्या प्रदेशात कोणतं जनावर टिकतं हेही पाहायचं होतं. एप्रिलमध्ये तांडा रोवुमा नदीच्या बाजूने आत निघाला आणि काही महिन्यांतच ती योजना खिळखिळी झाली. जनावरं मेली. शिपायांना जुलैत परत पाठवावं लागलं. जोहानाची माणसं न्यासा सरोवराच्या बाजूला सोडून पळाली आणि झांझिबारला जाऊन त्यांनी लिव्हिंग्स्टन मारला गेल्याची थाप ठोकली. ती खोटी आहे हे सिद्ध करायला 1867 मध्ये वेगळी शोधमोहीम काढावी लागली.

मुलांच्या वाट्यालाही काही कमी आलं नाही. रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत आजारी पडून गेला. मताका नावाच्या प्रमुखाच्या गावात अब्राहमला त्याचा काका भेटला. लहानपणी हरवलेला पुतण्या अचानक समोर उभा! काकाने सांगितलं, तुझ्यामागोमाग तुझी आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या. तू आता इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही त्याला थांबण्याचा आग्रह केला. अब्राहमचं उत्तर असं होतं की जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून करू काय? घर सापडलं आणि तरी तो तांड्याबरोबर पुढे निघाला. परत जाण्यासारखं गाव त्याला उरलं नव्हतं, हे त्या एका भेटीत त्याला कळलं असणार.

1867 च्या जानेवारीत सगळ्यांत मोठा घाव बसला. औषधांची पेटी बराका वाहायचा, कारण तो काळजीपूर्वक चालायचा. त्या दिवशी तांड्यातल्या एका हमालाने त्याच्याशी ओझ्याची अदलाबदल केली. तोवर नेकीने वागलेला तो हमाल आणि त्याचा जोडीदार वाट सोडून जंगलात शिरले आणि पेटीसकट पसार झाले. पावसाने मागमूसही धुऊन नेला. क्विनीन गेलं. लिव्हिंग्स्टनने डायरीत लिहून ठेवलं की आपल्याला मरणाची शिक्षा सुनावली गेल्यासारखं वाटतंय. तरीही तो आणि ती मुलं पुढेच गेली.

यात सगळं शौर्यच होतं असं चित्र रंगवलं तर ते खोटं होईल. 1868 मध्ये लिव्हिंग्स्टनने बांगवेउलू सरोवराकडे वळायचं ठरवलं, तेव्हा बहुतेकांनी यायला साफ नकार दिला. नाशिकची मुलंही त्यांत होती. दोन वर्षं अखंड पायपीट, पोटाला पुरेसं नाही आणि ठरलेला रस्ता रोज बदलतोय. लिव्हिंग्स्टनने त्यांना फार दोष दिला नाही. ही माणसं चालून चालून थकली आहेत आणि मीही थकलोय, असं त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आणि परत आल्यावर त्यांना कामावर घेतलं. बदललेल्या बेताला माणूस दर वेळी हसतमुखाने हो म्हणत नाही. म्हणूनही नये. जेम्स रटन 1871 मध्ये मन्येमा प्रदेशात बाण लागून मेला. नऊ जणांपैकी शेवटपर्यंत लिव्हिंग्स्टनजवळ राहिले ते गार्डनर आणि मब्रुकी.

*

दुसरी तुकडी, म्हणजे जेकब आणि त्याचे सोबती, 1872 च्या ऑगस्टच्या मध्याला उन्यान्येंबेला पोचली. आजच्या टांझानियातल्या टबोराजवळचं हे ठिकाण. लिव्हिंग्स्टन पाच महिने त्यांची वाट पाहत बसला होता. दहा-अकरा दिवसांत सगळे दक्षिणेला निघाले.

सुरुवात काही गौरवाची झाली नाही. तांड्याबरोबर दुभत्या गाई होत्या आणि नाशिकच्या दोघांकडे त्या राखायचं काम होतं. एक दिवस सगळ्या गाई भरकटल्या. फार लांब सापडल्या, त्याही एक कमी. लिव्हिंग्स्टनचा जुना सोबती सूसी याने त्या दोघांना छडीचे दहा-दहा फटके दिले. लिव्हिंग्स्टनच्या डायरीत ही नोंद आहे, कारणासकट: आळस. वाचणारा क्षणभर थांबतो. ज्यांनी कधी गुरं राखली असतील-नसतील त्यांच्या हाती गाई देणं आणि मग आळशी म्हणून फटके मारणं हा न्याय आज पटत नाही. तांड्यात नव्याने आलेल्या या मुलांना आपलं नेमकं काम कोणतं, हे तेव्हा सापडायचं होतं.

1873 च्या पहिल्या महिन्यांत पाऊस कोसळत होता. बांगवेउलूच्या भोवती मैलोन् मैल दलदल. आमांशाने खंगलेल्या लिव्हिंग्स्टनला आधी खांद्यावर बसवून पाण्यातून न्यावं लागलं. वाहणारे आळीपाळीने बदलत, कारण पाणी कधी कमरेला तर कधी तोंडापर्यंत. पुढे डोलीवर. रसद पोचवायला आलेला तांडा आता एका मरणाऱ्या माणसाला वाहून नेत होता.

इलाला भागातल्या चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, त्यांनी त्याच्यासाठी गवताची झोपडी उभारली. 1 मेच्या पहाटे तो खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला आढळला. ही तारीख इतिहासाच्या पुस्तकांची. जेकबने झाडावर कोरलेली तारीख मात्र 4 मे आहे.

*

इथून पुढचं काम कुणीच सांगितलेलं नव्हतं. करार रसदीचा होता, मालक मेला होता, पगार देणारा हजार मैलांवर. प्रेत पुरून टाकून आपापली वाट धरली असती तरी कोणी विचारणार नव्हतं. उलट प्रेत घेऊन चालणं म्हणजे वाटेतल्या गावांचा रोष ओढवून घेणं.

आधी त्यांनी सभा भरवली. सूसी आणि चुमा हे आफ्रिकेतलेच, बऱ्याच वर्षांपासून लिव्हिंग्स्टनबरोबर असलेले, त्यांना सगळ्यांनी पुढारी मानलं. सर्वांच्या समक्ष पेट्या उघडल्या आणि जेकबने एकेक वस्तू लिहून काढली, म्हणजे पुढे कुणी कुणावर चोरीचा आळ घेऊ नये. मग ठरलं: देह किनाऱ्यापर्यंत न्यायचा.

गावाबाहेर कूड घालून, वर छप्पर न ठेवता, एक जागा केली. देहातली आतडी, काळीज काढण्याचं काम दोघांनी केलं. झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकरीला राहिलेला फरिजाला आणि नाशिकचा कॅरस फरार. बाकीच्यांनी घोंगडी धरून आडोसा केला. काढलेलं काळीज आणि आतडी पत्र्याच्या पेटीत ठेवून झाडाखाली पुरली आणि तिथे जेकबने प्रार्थनेच्या पुस्तकातून दफनविधी वाचला. शरणपूरच्या देवळात शिकलेली उपासना बांगवेउलूच्या काठी उपयोगाला आली. देहात मीठ भरलं, चेहऱ्याला ब्रँडी लावली आणि तो चौदा दिवस उन्हात वाळवला, रोज कूस बदलून. नंतर कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या अखंड नळीत बसवला, वरून शिडाचं कापड शिवलं, डांबर फासलं आणि दांड्याला बांधून दोघांच्या खांद्यावर दिला.

झाडावर नाव कोरण्याचं काम जेकबचं. लिव्हिंग्स्टनचं नाव, तारीख आणि सोबतच्या काहींची नावं. 1899 मध्ये ते झाड कापलं गेलं आणि कोरलेला बुंधा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेला. एका नाशिककर हाताची अक्षरं त्यावर आहेत.

या तांड्यात बायकाही होत्या. तांड्यातल्या अमोदाची बायको हलीमा ही लिव्हिंग्स्टनची स्वैपाकीण, तीही चालली. सुरुवातीलाच निम्मेअधिक लोक तापाने पडले आणि महिनाभर मुक्काम करावा लागला. पण एकदा वाट धरल्यावर ऑक्टोबरात ते उन्यान्येंबेला पोचले.

तिथे लेफ्टनंट कॅमरन भेटला. लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी निघालेल्या आणखी एका मोहिमेचा हा प्रमुख. त्याने सल्ला दिला की पुढचा रस्ता धोक्याचा आहे, देह इथेच पुरा. सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. देणारा गोरा अधिकारी, ऐकणारे हमाल आणि नोकर. त्यांनी नकार दिला. लिव्हिंग्स्टनची काही उपकरणं कॅमरनने आपल्या सफरीसाठी ठेवून घेतली. देह मात्र त्यांनी सोडला नाही.

पुढे कासेकेरा गावाजवळ खरंच वाट अडली. प्रेत आमच्या हद्दीतून जाऊ देणार नाही, असं गावकरी म्हणाले. भांडायचं नाही आणि पुरायचंही नाही, तर मार्ग काय? त्यांनी जाहीर केलं की बरं, आम्ही प्रेत उन्यान्येंबेला परत पाठवतो. जंगलात देह सालीतून काढून नव्याने असा बांधला की तो कापडाच्या साध्या गठ्ठ्यासारखा दिसावा. मग माणसाच्या उंचीची ज्वारीची ताटं कापून, कापडात गुंडाळून एक खोटं प्रेत तयार केलं. चिरलेल्या काठीच्या फटीत घडी केलेला कागद अडकवला, त्या मुलखातल्या टपालाच्या रीतीप्रमाणे. सहा विश्वासू माणसं ते खोटं प्रेत घेऊन गंभीरपणे परत निघाली. गावकरी खूश झाले. अंधार पडल्यावर त्या सहा जणांनी एकेक ताट झाडीत टाकून दिलं, कापडाच्या चिंध्या दूरवर फेकल्या आणि रातोरात तांड्यात परत आले. खरा देह मालाच्या गठ्ठ्यांत मिसळून किनाऱ्याकडे चालला होता.

या माणसांनी काय बदललं आणि काय बदललं नाही, ते या एका प्रसंगात दिसतं. नळीचा गठ्ठा झाला, प्रेताचा माल झाला, रस्ता वळला. देह न्यायचा कुठे, यावर मात्र पुन्हा चर्चा नाही. योजनेत कोणती गोष्ट वाकवता येते आणि कोणती नाही, याचा निर्णय त्यांनी चितांबोच्या गावीच, सभेत, सगळ्यांच्या तोंडून घेतला होता. म्हणून कॅमरनसमोर त्यांना विचार करायला वेळ लागला नाही.

*

1874 च्या फेब्रुवारीत तांडा बागामोयोला पोचला. हजार मैलांहून जास्त वाट, जवळजवळ नऊ महिने. देह आरमाराच्या ताब्यात गेला. माणसांना पगार देऊन मोकळं केलं गेलं. सूसी आणि चुमा मागे राहिले. चर्च मिशनरी सोसायटीने भाडं भरलं म्हणून जेकब वेनराइट एकटा देहाबरोबर मालवा जहाजाने साउथॅम्प्टनला गेला. लंडनला सर विल्यम फर्ग्युसन या शल्यविशारदाने डाव्या दंडाच्या हाडावरून ओळख पटवली. पूर्वी सिंहाने चावा घेतल्यावर ते हाड नीट सांधलं गेलं नव्हतं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली, जॉन कर्क यांच्यासोबत जेकबही होता.

सूसी आणि चुमाला नंतर एका स्नेह्याच्या खर्चाने इंग्लंडला बोलावलं, तेव्हा त्यांच्या आठवणींमधूनच संपादक होरेस वॉलरला लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या डायऱ्या पुस्तकरूपात पुऱ्या करता आल्या. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ पदकं पाडली, पण तोवर माणसं पांगली होती. ॲबीतल्या शिळेवर विश्वासू हातांनी देह आणल्याचा उल्लेख आहे. हात कुणाचे, ते लिहिलेलं नाही.

जेकबने मात्र स्वतः लिहून ठेवलं होतं. मृत्यूपासून किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाची त्याची डायरी 1874 मध्येच जर्मन भाषांतरात छापली गेली. कॅरस फरारनेही आपला वृत्तांत लिहिला. चाकराने मालकाच्या प्रवासाची नोंद ठेवणं ही त्या काळात विरळा गोष्ट. शरणपुरात लिहायला शिकवलं गेलं नसतं तर ही कथा फक्त वॉलरच्या लेखणीतून उरली असती.

*

त्यानंतर शरणपूरच्या इतर मुलांचं आयुष्यच एका बदललेल्या योजनेत गेलं. 1873 मध्ये बार्टल फ्रियरच्या शिष्टाईने झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. सुटका झालेल्या लोकांसाठी मोंबासाजवळ फ्रियरटाउन वस्ती उभारायचं ठरलं आणि ते काम त्याच विल्यम सॉल्टर प्राइसवर आलं. शरणपुरातून दीडशेच्या आसपास आफ्रिकी लोक तिकडे गेले. नाशिकमध्ये आयुष्य काढायची तयारी करून घेतलेले सुतार, लोहार, शिक्षक आता ज्या किनाऱ्यावरून त्यांना पळवलं होतं तिथेच परतले. स्वाहिली भाषा, तिथला बाजार, तिथली माणसं त्यांना परकी. तिथल्या लोकांच्या लेखी हे इंग्रजी कपडे घालणारे, हिंदुस्तानी बोलणारे बॉम्बे आफ्रिकन्स.

त्यांच्यातल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना 1885 मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टनने दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला आणि वाटेत तांड्याचा मोठा भाग जोन्सवर सोपवून थोड्या माणसांनिशी पुढे गेला. ऑक्टोबरच्या शेवटी बुसोगात त्याला मारलं. जोन्सने बातमीची खात्री होईतो थांबून, मग उरलेला तांडा शेकडो मैल चालवत 1886 च्या सुरुवातीला मोंबासाजवळच्या राबाईला आणला. पुन्हा शरणपूरचा माणूस, पुन्हा मेलेला पुढारी, पुन्हा परतीची वाट.

जेकब फ्रियरटाउनला शिक्षक होता, पुढे आफ्रिकेच्या आतल्या भागात मिशनच्या कामावर गेला आणि 1892 मध्ये उरांबोला वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात म्हातारा झाला. लिव्हिंग्स्टनचा शेवटचा जिवंत सोबती म्हणून लोक त्याला भेटायला येत. तो 1935 मध्ये गेला.

हा सगळा इतिहास नाशिकचा आहे, पण नाशिकमध्ये तो क्वचितच सांगितला जातो. गुलामगिरीतून सुटलेल्या मुलांना या गावाने शिकवलं आणि त्या शिक्षणावर त्यांनी जगातल्या एका सर्वांत गाजलेल्या सफरीचा शेवट स्वतःच्या निर्णयाने घडवला. आजच्या मंडळ्यांतल्या तरुणांना परदेशी सेवेला पाठवताना जे प्रशिक्षणवर्ग घेतले जातात, त्यांत लिव्हिंग्स्टनचं नाव येतं, जेकबचं येत नाही. ते यायला हवं. तिथे जाऊन कोणतं काम कराल, यापेक्षा कोणती कामं तुमच्या हातात आहेत हा प्रश्न आधी विचारला जावा. बेत बदलला तर कोण ठरवणार, हिशेब कोण लिहिणार आणि कोणती एक गोष्ट काही झालं तरी सोडायची नाही, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवावं. आणि शरणपूर रोडवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या स्थानिक इतिहासाच्या तासाला 1866 च्या नऊ आणि 1872 च्या सहा अशा पंधराही जणांची नावं, त्यांनी केलेल्या कामासकट, शिकवली जावीत.